वर वहिनी, खाली मी

दादाच्या मृत्युपत्राची प्रत अमेरिकेहून आली, ती मी तीनदा वाचली. ओक्लाहोमातलं घर आणि भोवतालची चाळीस एकर जमीन नीतावहिनीला. त्या जमिनीच्या पोटात तेल-गॅस जे काही असेल, ते मला. एकाच जमिनीची अशी वरची आणि खालची वाटणी होते, हे मला ठाऊकच नव्हतं. आपल्याकडे खालचं सगळं सरकारचं. इथे या बेटाएवढ्या देशात, मरीन परेडला आमच्या फ्लॅटखाली तर समुद्रात टाकलेली भरावाची वाळू.

दोन महिन्यांनी, मार्च शहाण्णवमध्ये, एका तेल कंपनीच्या एजंटाचा फोन आला. टकर त्याचं नाव. आमची सकाळ, त्याची संध्याकाळ. मागोमाग लीजचा कागद फॅक्सने आला. तेल निघालं तर आठवा हिस्सा माझा.

मला चौकशा फार. विहीर किती खोल, गॅस नेणार कसा, लीजच्या तीन वर्षांत खणलंच नाही तर पुढे काय, असं मी टकरला रोज विचारायचे. बिचारा गोड बोलून उत्तरं द्यायचा.

माझा नवरा रघुवीर बंदरात जहाजांना दिलेलं इंधन मोजून बघतो. मापातली लबाडी पकडण्यातच त्याची हयात गेली. कागद वाचून त्याने एकच विचारलं, "हिस्सा कशाचा? विक्रीच्या पूर्ण रकमेचा, की त्यांचे खर्च वजा जाऊन उरेल त्याचा?"

बघते तर वाहतुकीपासून सगळं वजा होतं. आठवडाभर मी टकरशी हुज्जत घातली. वजावट गेली आणि आठव्याऐवजी पाचवा हिस्सा कबूल झाला. त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते.

सही करायच्या आदल्या दिवशी मी त्याला सहज विचारलं, "विहीर नेमकी कुठे खणणार?"

"बहुतेक घराच्या मागे. ट्रकचा रस्ताही तिथूनच काढू."

"घर माझ्या वहिनीचं आहे. तिची परवानगी?"

"ती लागत नाही, मॅडम. इथे खालचा हक्क वरच्यापेक्षा मोठा. तुमची सही पुरते."

वहिनीशी मी सहा वर्षं बोलले नव्हते. आईच्या शेवटच्या दुखण्यात दादा आला नाही, तेव्हा तूच त्याला अडवलंस म्हणून मी तिला फोनवर नको ते बोलले होते. दादा गेला तेव्हाही नुसतं कार्ड पाठवलं. आणि आता तिचं परसदार माझ्या एका सहीवर होतं. खरं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं. मग स्वतःचीच इतकी लाज वाटली की दुपारी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी टकरला सांगितलं, वहिनीच्या जमिनीवर कोणी पाऊल ठेवायचं नाही, शेजारच्या जमिनीतून तिरकी विहीर खणा. तो म्हणाला, तसं जमेल, पण मग हिस्सा पुन्हा आठवा.

मी रघुवीरकडे पाहिलं. "लेखी घे," तो म्हणाला, "आणि कर सही."

सही केली आणि वहिनीला फोन लावला.

"वहिनी, मी अरुणा. तुझ्या जमिनीवर कोणी येणार नाही. तसं लिहून घेतलंय."

ती म्हणाली, "गेल्या महिन्यात माणसं येऊन मागच्या बाजूला मोजणीच्या खुंट्या मारून गेली. मला वाटलं, तू सही केलीस."

"मला विचारायचं तरी."

"सहा वर्षं बोलणं नाही, कोणत्या तोंडाने विचारणार होते? सामान बांधून ठेवलंय मी. ह्यूस्टनला भाचीकडे जाणार होते."

हे तिने सांगितलं नसतं तर बरं, असं वाटलं. "बरं, ठेवते मी," मी म्हणाले.

"फोन ठेवू नकोस," वहिनी म्हणाली. "तुझ्या दादाच्या कपड्यांचं खोकं आहे. बांधलं तेव्हा एकटीच होते. आता ते एकटीने उघडवत नाही."

मी खुर्ची ओढून फोनजवळ बसले.