पन्नासावी बाई

साल १९९४. विस्कॉन्सिनमधल्या एका चीजच्या कारखान्यात कॉरिन पॅकिंगला होती आणि तिला आठवा महिना लागला होता. घरात नोकरी तिची एकटीची. रजेचा अर्ज घेऊन ती कचेरीत गेली, तेव्हा म्हाताऱ्या कारकून लोरेननं चष्मा कपाळावर चढवला.

"रजा मिळेल गं. परत आल्यावर नोकरी राहील का, ते विचार. नवा कायदा बारा आठवडे जागा राखतो, पण कारखान्यात पन्नास माणसं असली तरच. एक जरी कमी, की मालकाची मर्जी."

"मग आपण किती?"

"कागदावर पन्नास," म्हणत लोरेननं हजेरीची वही मिटली.

मालक डेलबर्टचा कागदावर विश्वास नव्हता. जेवणाच्या सुट्टीत त्यानं सगळ्यांना उभं करून हजेरी घेतली. कॉरिन बोटांवर मोजत होती. एकोणपन्नास.

"शेवटचं नाव, अर्मा स्कार," डेलबर्ट हसला. "ही कोण बुवा? कुणी पाहिलीय का?"

"हजर," थंड खोलीतून बाईचा आवाज आला.

सगळे वळले. दार किलकिलं होतं, आत कुणीच नव्हतं.

"लागली हजेरी," पॅकिंगमधला टोबी म्हणाला. "की आत जाऊन चिमटा काढून बघता, साहेब?"

कुणी हसलं नाही. डेलबर्टनं कॉरिनच्या अर्जावर सही केली.

लोरेननं मग कॉरिनला बाजूला घेतलं. "एकसष्ट साली अर्माला पोट दिसायला लागलं म्हणून घरी पाठवलं. बाळ झाल्यावर ये, बघू, म्हणाले. ती रोज येऊन विचारायची. बाळंतपणात गेली बिचारी. पण तिचं कार्ड अजून रोज सकाळी हजेरीच्या घड्याळात आपोआप छापलं जातं. मी नाव खोडलं नाही."

बारा आठवड्यांनी कॉरिन परतली.

"माझ्या जागी कोण होतं रे?"

"कुणी नाही," टोबी खाली बघत म्हणाला. "पण खोकी रोज भरलेली असायची."

तिचा एप्रन खुंटीवर होता. छातीवर दुधाचे दोन ओले डाग, अजून कोमट.

कॉरिननं एप्रन हातात घेतला. 'मी आले गं अर्मा, आता तू जा,' असं अगदी ओठांवर आलं.

लोरेननं मागून तिचा दंड घट्ट धरला. "जा म्हणू नकोस, मग आपण एकोणपन्नासच," ती पुटपुटली आणि पॅकिंगच्या सरकत्या पट्ट्याच्या टोकाला उभ्या पोरीकडे तिनं मान हलवली. जोडी तिचं नाव. चौथा महिना.

कॉरिननं ओठ मिटले आणि तो ओला एप्रन तसाच कमरेला बांधला.