डाव्या पुडीची कणीक

मी एक जुना पखवाज आहे. कांदिवलीच्या एका इमारतीत, कपाटावर राहतो. मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू आपली गोष्ट हळू आवाजात सांगतात म्हणे. मला ते जमणार नाही. मी रागावलेलो आहे, आणि माझा आवाज मुळातच मोठा आहे.

कोकणात फणसाच्या खोडातून मला कोरलं. गिरणीत नोकरीला निघालेल्या मार्तंडआजोबांनी मला खांद्यावरून मुंबईत आणलं. वाजवण्याआधी माझ्या डाव्या पुडीवर, म्हणजे डाव्या तोंडावरच्या चामड्यावर, भिजवलेली कणीक थापावी लागते, तेव्हाच मी घुमतो. ती कणीक या घरातल्या बायकांनीच मळली. आधी आजीने, मग सून रेवतीने. गणपतीच्या आरतीआधी मळायची, दारातून द्यायची आणि मोदकांकडे परत जायचं. थाप मात्र पुरुषाची! का, ते कधी कुणी विचारलं नाही.

आजोबांनी नातवाला, देवेशला शिकवायला घेतलं. चार बोल शिकून तो कंटाळला आणि मला पावसात गॅलरीत विसरला. माझ्या चामड्याच्या वाद्या कुजल्या. आजोबा हसून म्हणाले, "पोरगो आसा. चुकात, मग शिकात."

खरी शिकली ती त्याची धाकटी बहीण प्रांजल. तीही दाराआडून. आधी बोल मांडीवर वाजवले, मग शाळेच्या बाकावर. दुपारी आजोबा खाली गप्पांना आणि आई बाजारात गेली की ती स्वतःच कणीक मळून मला कपाटावरून काढायची. हात लहान, पण थाप स्वच्छ. खरं सांगू? मी तिची वाट बघायचो.

गणपती तोंडावर आले होते. ती वाजवत असताना दाराची बेल वाजली. घाबरून तिने मला तसंच पलंगाखाली ढकललं. कणीक काढायची राहिली. त्या वासाने उंदीर आला आणि कणकेबरोबर पुडीही कुरतडून गेला.

सकाळी प्रांजलने मला बाहेर ओढलं, तेव्हा देवेश खो खो हसला. "बाप्पाच्या आधी त्याचं वाहन येऊन गेलं यार!"

आजोबा कडाडले, "चेडवान हात लावल्यान, म्हणान ह्यां झाला!"

रेवतीनेही लेकीलाच झापलं. "कितीदा सांगितलं, ते तुझं काम नाही!"

प्रांजलच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मान वर. "चुकलं माझं. कणीक काढली नाही मी. पण घाई केली म्हणून चुकले, आजोबा. मुलगी आहे म्हणून नाही. दादाने वाद्या कुजवल्या, तेव्हा कुणी म्हणालं का, मुलगा आहे म्हणून झालं?"

आजोबांनी पाठ फिरवली. मला तिच्या बाजूने घुमायचं होतं, पण माझी पुडी फाटलेली होती.

रेवती आणि ती मला रिक्षाने दुरुस्तीला घेऊन गेल्या. प्रांजलने पुडी कशी चढवतात ते खोदून खोदून विचारलं. मग वाजवून पाहिलं. रेवतीने लेकीचं वाजवणं पहिल्यांदा ऐकलं ते तिथे. परतताना रिक्षाभर ओढणीने माझं अंग पुसत राहिली.

चतुर्थीला आरतीची वेळ झाली. आजोबांनी मला देवेशपुढे ठेवलं आणि हाक मारली, "रेवती, कणीक आण गो!"

रेवती गोळा घेऊन आली, पण तो देवेशला दिला नाही. "बाबा, दरवर्षी मळते मी. यंदा कुणाला द्यायची ते मीच ठरवणार. प्रांजल, बस गं. आणि त्या दिवशी तुला ओरडले ना, ते माझं चुकलं."

देवेश टुणकन उठला. "सुटलो! मला आठवत पण नव्हतं काही."

आजोबांचं तोंड वाकडंच राहिलं. राहू दे. मी असा कडाडलो की शेजारचे दारात आले. कित्येक वर्षांचा राग होता तो.

आरती संपली, सगळे प्रसादाला धावले. प्रांजल मात्र बसून राहिली. तिने कणकेचा कण न् कण काढला, फडक्याने पुडी पुसली, मगच मोदक घेतला.

मित्रांनो, वाद्याला जपा. वाजवून झालं की कणीक काढा. आणि घरात कुणी चुकलं, तर काय चुकलं ते आधी बघा. उंदराला मी कधीच माफ केलंय. त्याला निदान कणीक तरी दिसली. ज्यांना नुसती मुलगी दिसली, त्यांच्यावरचा माझा राग अजून तसाच आहे.