पदराखालचा फास

दौलताबादच्या किल्ल्याखाली एका पिसाळलेल्या कुत्र्यानं कडूबाचं वासरू फाडलं आणि अख्ख्या वस्तीला एकाएकी शहाणपण सुचलं. ते कुत्रं मारून झालं. पण मरायच्या आधी त्याच्याशी आवडाबाईचा कुत्रा बुच्या भांडला होता. "पाणी दावा. पिलं तर शाणं, नाय पिलं तर पिसाळलंय," कडूबानं निवाडा दिला. गाव करी ते राव न करी!

कडूबा कुऱ्हाड घेऊन गोठ्याआड दडला. आवडाबाईनं एका हातात पाण्याची परात घ्यायची, दुसऱ्या हातात, पदराखाली, दोरीचा फास. कुत्रं प्यायलं नाही की फास टाकायचा, बाकीचं कडूबा बघणार. तुटक्या कानाच्या या बुच्यानं तिच्या एकट्या जिवाला सात वर्षं सोबत केली होती. तरी ती कबूल झाली. गावाशी वैर धरून बाईमाणसानं राहायचं कुठं?

"ये रे बुच्या, ये बाळा." बोलणं रोजच्यासारखंच लाडाचं होतं, पण परातीतलं पाणी हिंदकळत होतं.

बुच्या चार हात अंतरावर थबकला. त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं, मग पदराकडं. शेपूट पायात घालून तो गुरगुरला आणि मागं सरला.

"पाण्याला भ्यालं! टाक फास, काकू!" कडूबा कुऱ्हाड उगारून पुढं झाला.

जखमी वासराला बघायला आलेला जनावरांच्या दवाखान्यातला कय्युम सायकल तिथंच टाकून मधे धावला. "ठैरो! मावशी, ते पाण्याकडं बघतच नाय. तुमच्या पदराकडं बघतंय. काय हाय तिथं?"

आवडाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं फास धुळीत फेकला. "कडूबा, कुऱ्हाड आधी माझ्यावर चालव!" असं म्हणून ती मातीतच बसली. कडूबाचा उगारलेला हात आपोआप थांबला. बुच्या हळूहळू जवळ आला आणि सगळी परात चाटूनपुसून प्यायला.

कय्युमनं मात्र मान हलवली. "पिलं म्हणून सुटलं असं नाय, मावशी. चाव्याची जखम धुतो, सुई देतो, पण बांधून ठेवावं लागंल. मी रोज येऊन बघीन."

आवडाबाईनं दोरी उचलली आणि बुच्याच्या डोळ्यांसमोर धरली. "बांधते रे राजा," म्हणत तिनं फास सैल केला.

बुच्यानं दोरी हुंगली, तिचा हात चाटला आणि स्वतःहून मान फासात घातली.