काठोकाठ भरलेलं गाडगं

लोक भेटले की म्हणतात, मास्तर, तुमच्यामुळं आमच्या गावात शाळा टिकली. म्हणू द्या. ती कशी टिकली हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. आज सांगतो, पण मधेच कोणी 'जाऊ द्या मास्तर, झालं ते झालं' म्हणू नका. त्या बोलण्याचा मला राग येतो. झालं ते झालं नाही, मी केलं. आमच्या गावातल्या नत्थुजी शेतकऱ्याचा थोरला मुलगा शालिकराम धान्याच्या पेवात गुदमरून मेला, आणि तो कोणामुळं मेला हे मला एकट्याला ठाऊक आहे.

साल कापसाचं होतं. तिकडं अमेरिकेत लढाई पेटली, विलायतेच्या गिरण्यांना आमचा कापूस हवा झाला, आणि लोकांनी ज्वारीच्या वावरातसुद्धा पऱ्हाटी लावली. मूर्तिजापूरहून अकोल्याच्या वाटेनं कापसाच्या गाड्यांची रांग तुटत नव्हती. ज्वारी सोन्याच्या मोलाची झाली होती. आमच्या गावात सरकारी शाळा नुकतीच निघाली होती आणि मी तिचा एकुलता एक मास्तर. पुण्याला दोन वर्षं शिकून आलो होतो. पुण्यात माझ्या 'मले-तुले'ला हसायचे आणि गावात माझ्या पगडीला. दोन्हीकडची उणीव भरून काढायची मला मोठी हौस होती.

घोकंपट्टी मला कधी पटली नाही. माझ्या वरच्या वर्गात बारा-तेरा वर्षांची एकोणीस पोरं. त्यांना मी रसायन हातानं शिकवायचो. हळदीत चुना कालवला की लाल कुंकू होतं, ते त्यांनी आईला करताना पाहिलं होतं. आता स्वतः केलं. चुन्याच्या निवळीत बोरूच्या नळीनं फुंकर मारली की निवळी दुधासारखी पांढरी होते. प्रत्येकाचा बोरू वेगळा, नाहीतर घरी विटाळाची बोंब. सज्जीखारावर लिंबाचा रस पिळला की फसफस होते, आणि त्यातून जी हवा निघते ती जड असते, दिसत नाही, दिवा विझवते. पोरांची बोटं चुन्यानं भाजायची, आया माझ्या नावानं खडे फोडायच्या, पण पोरं शाळा बुडवत नव्हती.

नत्थुजीचा धाकटा मुलगा खुशाल या सगळ्यात पुढं. हुशार होता असं नाही, पाढे त्याला शेवटपर्यंत आले नाहीत. पण हात स्थिर होता आणि माझ्यावर त्याचा आंधळा विश्वास होता. मास्तर बोलले म्हणजे संपलं.

अमरावतीहून शाळा तपासायला डिप्टीसाहेब येणार, असा निरोप आला. मी ठरवलं की त्यांना दिवा विझवून दाखवायचा. गाडग्यात सज्जीखार आणि लिंबू टाकून आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर एकट्यानं करून पाहिलं. हवा जेमतेम अर्ध्या गाडग्यात जमली. पणती आत सोडली की खाली जाऊन विझायची, आणि मागच्या पोरांना काहीच दिसलं नसतं. मला ते पटेना. साहेबांना कसं दिसणार? म्हणून दुसऱ्या दिवशी मी दुप्पट सज्जीखार टाकला आणि गाडगं हवेनं काठोकाठ भरून घेतलं. पणती काठाशी नेली की पटकन गेली. साहेब 'वा' म्हणाले. मग एकोणीस पोरांनी आपापल्या हातानं तेच केलं, आणि एकोणीस वेळा पणती काठाशी विझली.

माझी छाती फुगली होती. त्या भरात मी पोरांना सांगितलं की तुमच्या घरच्या पेवातही हीच हवा असते.

पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार. मुरमात खोल खणलेलं, पोट मोठं, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत कडबा लावलेला. ज्वारी भरून तोंडावर दगड ठेवायचा आणि शेणमातीनं लिंपून टाकायचं. आमच्याकडं पेव उघडलं की एक अख्खा दिवस मोकळं ठेवायची रीत होती. नारळ फोडायचा, आतला देव निघून जाऊ द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी उतरायचं. मी हसलो. म्हणालो, देव नाही अन् बीव नाही, ती हवा आहे, दिवा धरा म्हणजे कळेल. माझं बोलणं खोटं नव्हतं. अर्धं होतं.

पुढच्याच महिन्यात नत्थुजीनं पेव उघडलं. त्याला ज्वारी अकोल्याला न्यायची होती आणि गाड्या मिळत नव्हत्या, सगळ्या कापसाला जुंपलेल्या. कशातरी दोन गाड्या मिळाल्या, त्याही संध्याकाळपर्यंतच्या बोलीवर. सकाळी दगड काढला. म्हातारा नत्थुजी म्हणाला, "उद्या उतरा लागते. आज देव हाय आत."

खुशाल म्हणाला, "बाबा, देव नसते. खराब हवा असते. मास्तरनं दाखोलं. दिवा इझला तं हवा खराब, नाही इझला तं चांगली. मी पाहून देतो."

हे मला पुढं मनकर्णानं सांगितलं. मनकर्णा शालिकरामची बायको, लग्नाला दोन वर्षं झालेली. ती तिथंच टोपल्या घेऊन उभी होती.

खुशालनं पणती शिंक्यात ठेवली आणि पेवाच्या तोंडातून हातभर खाली सोडली. ती शांत जळत राहिली. त्यानं वीस आकडे मोजले. वर्गात तर ती काठाशीच विझायची, इथं हातभर आत जाऊनही जळत होती. त्यानं पणती वर घेतली आणि म्हणाला, "दादा, चांगली हाय हवा. उतर."

शालिकरामनं कमरेला दोरसुद्धा बांधला नाही. कशाला बांधेल? मागच्या साली थोडी ज्वारी काढलेली, त्यामुळं आत पुरुष-दीडपुरुष खोली रिकामी होती. तो उडी मारून उतरला, टोपलं भरायला वाकला, आणि तसाच खाली बसला. वरच्यांना वाटलं, टोपलं भरून राहिला. मनकर्णानं दोनदा हाक मारली. मग खुशाल आत झेपावला, पण नत्थुजीनं त्याचं धोतर धरून त्याला मागं ओढलं. नाहीतर त्या दिवशी दोन गेले असते.

शाळेत कोणीतरी धावत आलं, तसा मी पळालो. पोचलो तेव्हा विहिरीच्या गळानं शालिकरामला वर ओढलं होतं. अंगावर ज्वारीचे दाणे चिकटलेले, ओठ निळे. मी त्याची छाती चोळली, तोंडावर पाणी मारलं. काही उपयोग झाला नाही. मनकर्णा रडत नव्हती, त्याच्या केसांतले दाणे वेचत होती.

खुशाल माझ्याजवळ आला. "मास्तर, दिवा जळत होता. मी सोता पाह्यला."

त्याच्या हातातली पणती मी घेतली. पुन्हा लावली, शिंक्यात ठेवली आणि खाली सोडली. हातभर जळाली. दोन हात जळाली. छातीएवढ्या खोलीवर गेली आणि कोणी चिमटीत धरावी तशी विझली. जड हवा खाली बसलेली होती, मोकळ्या तोंडाशी पातळ झालेली. गाडगं अर्धं भरलं असतं तर पोरांना हेच दिसलं असतं. 'दिवा बुडापर्यंत न्या' एवढे तीन शब्द सांगितले असते तरी चाललं असतं. मागच्या पोरांना दिसावं आणि साहेब 'वा' म्हणावेत म्हणून मी गाडगं काठोकाठ भरलं, आणि ते तीन शब्द माझ्या तोंडून कधी निघालेच नाहीत. आजूबाजूला रडारड चालली होती. पणती कुठं विझली हे कोणी पाहिलं नाही. मी ती गुपचूप वर ओढून घेतली.

तिसऱ्या दिवशी तहसीलदार चौकशीला आले. चावडीवर सगळं गाव जमलं. लोक भडकलेले. कोणी म्हणे शाळा बंद करा, कोणी म्हणे मास्तरला गावाबाहेर काढा. माझी नोकरी जाणार, शाळेला कुलूप लागणार, आणि पुढची वीस वर्षं या गावातलं पोर अक्षर शिकणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. शाळेसाठी बोललो, असं मी मनाला खूप सांगितलं. शाळेसाठी म्हणे! मी भ्यालो होतो, बाकी काही नाही.

तहसीलदारांनी विचारलं, "तुम्ही या मुलांना काय शिकवलं होतं?"

मी म्हणालो, "दिवा बुडापर्यंत न्यावा, असं शिकवलं होतं."

वर्गातली पोरं भिंतीशी उभी होती. मी असं कधी बोललो नाही हे एकोणीसच्या एकोणीस जणांना ठाऊक असायला हवं होतं. रंगाऱ्याचा हुसेन तेवढा माझ्याकडं टक लावून पाहत राहिला, मग त्यानंही मान खाली घातली. मास्तर खोटं बोलतात असं त्या वयात कोणाच्या मनात येत नाही. आपणच ऐकलं नसेल, असं वाटतं.

तहसीलदारांनी खुशालला पुढं बोलावलं. "मास्तरांनी असं सांगितलं होतं?"

खुशालनं माझ्याकडं पाहिलं. तो आठवत होता. कपाळाला आठ्या घालून, खरोखर मनापासून आठवत होता. मी नजर फिरवली नाही. फिरवली असती तर मी खोटं बोललो हे त्याला कळलं असतं.

"हो," तो म्हणाला. "सांगतलं होतं. मीच इसरलो."

नत्थुजीनं डोक्याचं मुंडासं काढून तोंडावर धरलं. मनकर्णा बायकांत बसली होती, ती उठली, तिनं आपल्या दिराकडं एकदाच पाहिलं आणि निघून गेली. पुढं ती त्याच घरात राहिली, पण त्याला तिनं कधी भाऊजी म्हणून हाक मारली नाही आणि त्याचं ताट कधी वाढलं नाही. त्याची आई जाईपर्यंत आई वाढायची. नंतर तो स्वतः घ्यायचा.

शाळेला काही झालं नाही. तहसीलदारांनी लिहून नेलं की शिक्षण योग्य होतं, मुलाच्या हयगयीनं अपघात झाला. उलट लोकच मला म्हणाले, मास्तर, मनाले लावून घेऊ नोका.

चावडी रिकामी झाल्यावर खुशाल माझ्या मागं मागं शाळेपर्यंत आला. दाराशी उभा राहिला.

"मास्तर, मी लय याद करून पाह्यलं. तुमी कव्हा बोलले ते, मले आठवतच नाही. त्या दिवशी माहं ध्यान नसंन."

तेव्हाही वेळ गेली नव्हती. चावडी शंभर पावलांवर होती, तहसीलदारांचा घोडा अजून झाडाखालीच बांधलेला होता. तो पोरगा माझ्या तोंडाकडं पाहत होता, आणि मी 'नाही, तसं बोललोच नव्हतो' म्हणावं एवढंच त्याला हवं होतं.

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "नसंन."