गेल्या शुक्रवारपासून

लेलंडने घसा साफ केला आणि थोराच्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस सरळ बोलतो तेव्हा घसा साफ करत नाही.

"माझा नियम ऐका," तो म्हणाला. "मत विचारल्यावर कुणी गप्प राहिलं, तर तो होकार धरायचा. आणि हा नियम गेल्या शुक्रवारपासून लागू."

"गेल्या? म्हणजे होऊन गेलेल्या?" थोरा खुर्चीत ताठ झाली.

"होऊन गेलेल्याच."

अमेरिकेतल्या डलूथ गावी एका बेकरीच्या मागच्या खोलीत दर शुक्रवारी दुपारी हाच उद्योग चालायचा. नियम बदलणं हाच खेळ. ज्याची पाळी त्याने नवा नियम मांडायचा, सगळ्यांनी मत द्यायचं, बहुमताने पास झाला की तो सगळ्यांच्या डोक्यावर. अर्थावरून जुंपली, तर मांडणाऱ्याच्या डाव्या हाताला बसलेला माणूस न्यायाधीश, त्याचा शब्द शेवटचा. आणि जुंपायचीच हो! बाहेर सरोवर गोठलेलं, लोक बर्फाला भोकं पाडून मासे धरतायत, आणि ही म्हातारी मंडळी एका शब्दासाठी दुपारभर एकमेकांचं डोकं खातायत.

एक नियम मात्र पहिल्या दिवसापासूनचा होता: बाद झालेल्याने परत यायचं नाही. तो बदलायला झाडून सगळ्यांचा होकार लागायचा. दुसरा नियम खुद्द थोराचा: मत मोठ्याने बोलायचं, आणि एका बैठकीत कुणी दोनदा गप्प राहिलं नि त्यावर तक्रार झाली, तर तो बाद. याच नियमाने तिने गेल्या हिवाळ्यात रॉल्फला घालवलं होतं. बिचारा पुटपुटायचा. ते बोलणं नव्हेच, असं तिने ठणकावलं. त्याला परत आणायचं लेलंडने कितीदा तरी मांडलं, आणि दर वेळी एकटी थोरा "नाही" म्हणाली. त्यानंतर रॉल्फ तिला रस्त्यात पाहिलं की पलीकडच्या बाजूला जायचा. खेळात आता तिघंच उरली होती.

आणि आता तिचेच कान दगा देऊ लागले होते. पानगळीपासून. तिने कुणाला सांगितलं नव्हतं. समोरच्याच्या ओठांकडे बघून भागवत होती. हे कळलं तर आपली खुर्ची जाईल ही तिला धास्ती होती, आणि आठवडाभरात माणसांत बसायला तिला दुसरी जागा नव्हती.

यांना वास लागलाय, तिने ताडलं. मला ऐकू आलं नाही की माझा होकार धरणार आणि माझ्याच नाकाखालून काय वाटेल ते पास करणार. शाब्बास रे लेलंड!

"माझं मत 'नाही'!" ती म्हणाली.

"माझं हो," लेलंड म्हणाला.

"माझंही हो," ओडेट म्हणाली. सूप वाढताना तिने थोराची नजर टाळली.

"अगं, तूसुद्धा सामील?"

"सूप घे, थोरा. निवतंय."

"सूप गेलं खड्ड्यात! माझा अर्थावर वाद आहे. आणि लेलंडच्या डावीकडे कोण बसलंय? मीच. नियम पास होतो तिथून पुढे चालतो, मागे जात नाही. ते 'गेल्या शुक्रवारपासून' रद्द!"

"थोरा, जरा ऐक ना..." लेलंड म्हणाला.

"काय ऐकू? मागचं झाकायला नियम करताय! गेल्या शुक्रवारी कुणीतरी दोनदा गप्प बसलं, त्याला वाचवायचंय तुम्हाला. ओडेट, तूच असणार. माझी रीतसर तक्रार आहे. जो कोण असेल तो बाद!"

ओडेटने मान खाली घालून काहीतरी म्हटलं. थोराला ओठ दिसले नाहीत.

लेलंडने खुर्ची वळवून चेहरा तिच्यासमोर आणला. "ती तू होतीस, थोरा," तो सावकाश म्हणाला. "दोनदा विचारलं. तू खिडकीबाहेर बघत होतीस."

चूक काढायला तिने तोंड उघडलं, आणि तिला ती खिडकी आठवली. बर्फावरून एक कुत्रा पळत होता. तिला वाटलं होतं, सगळेच गप्प आहेत. तिला इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. दोघं आठवडाभर हे पोटात ठेवून होती, आणि तिने स्वतःच्या तोंडाने स्वतःवर तक्रार केली होती.

ती उठली आणि कोट घालू लागली.

"बस खाली," लेलंड म्हणाला.

"बाद झालेल्याने बसायचं नसतं."

"असा नियम दाखव. परत यायचं नाही एवढंच आहे. ओडेट, तुझी पाळी."

ओडेटने वाडगा ठेवला. "बाद झालेल्याने परत यायचं नाही, हा नियम काढून टाकायचा. माझं हो!" ती इतक्या जोरात ओरडली की बेकरीवाला दारातून डोकावला.

"हो!" लेलंडही ओरडला. "झाला की झाडून सगळ्यांचा होकार. नाही म्हणणारी एकच होती, ती बाद झाली."

थोरा एक बाही घालून तशीच उभी राहिली. "हे तुम्ही आधीच ठरवलं होतं. हो ना?"

"तुझी शपथ, नाही. तुला वाचवायला आलो होतो. तूच वाचू देईनास."

तिचा विश्वास बसला नाही. पूर्ण नाहीच. पण तिच्या ध्यानात आलं, की हे दार आता तिच्या एकटीसाठी उघडलेलं नव्हतं.

"रॉल्फ," ती म्हणाली.

"तोही आलाच यात." लेलंडने खिशातून फोन काढून तिच्यापुढे धरला. "तूच बोलव त्याला."

तिने फोनकडे पाहिलं, मग दोघांच्या तोंडांकडे.

"फोनवर मला ऐकू येत नाही रे," ती मोठ्याने म्हणाली, आणि कोटाची दुसरी बाही घातली. "त्याच्या घरी जाते. त्याच्या तोंडासमोर उभी राहते. तो पुटपुटला तरी मला कळेल. सूप गरम ठेवा."