बटाटा खाशील?

माझा नवरा क्रेन चालवतो. बांधकामावर ती उंच पिवळी क्रेन असते ना, तिच्यावर एक काचेची केबिन असते, त्यात तो दिवसभर एकटा बसतो. साइटवर त्याला सगळे ‘घार’ म्हणतात. घार! लग्नाच्या वेळी असेल कदाचित. आता बदक म्हटलं तर बदकाला राग येईल.

वर जायला शिडी, आणि शिडी चढताना अंगाला सुरक्षेचा पट्टा. तो पट्टा किती जड माणसाला पेलतो, याला मर्यादा आहे. आमच्या घारीने ती ओलांडली. साइटवरच्या साहेबांनी सांगितलं, तूर्त खाली थांब, महिनाअखेरीला पुन्हा वजन करू. उतरलं तर वर जा, नाहीतर कायमचा फाटकावर. फाटकावर म्हणजे खुर्ची टाकून बसायचं आणि ट्रक आला की दांडा वर करायचा. ज्याला त्या केबिनशिवाय दुसरं काही आवडत नाही, त्याने यावर काय करावं? घरी आला आणि उभ्याउभ्या बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला. बुडत्याचा पाय खोलात, दुसरं काय.

मी चष्म्याच्या दुकानात आहे. पांढरा कोट घालून लोकांच्या नाकांवर फ्रेमा बसवते. ज्यांना डोळ्यांसमोरचं दिसत नाही अशी माणसं दिवसभर हाताळायची आणि संध्याकाळी घरी यायचं, तर घरीही तेच. मला भूक लागली की मी जेवते, पोट भरलं की उठते. यात शिकण्यासारखं काय आहे? गाईम्हशींनाही कळतं ते.

पण साहेबांनी त्याला आहारतज्ज्ञ बाईंकडे धाडलं. मीही गेले, कारण तो ऐकतो एक आणि घरी येऊन सांगतो भलतंच. बाई अगदी हळू आवाजात बोलत होत्या, झोपलेलं बाळ उठेल की काय अशा.

“पोटाची भूक हळूहळू लागते, तिला काहीही चालतं,” त्या म्हणाल्या. “मनाची एकदम लागते आणि तिला ठरावीकच काहीतरी हवं असतं. तुम्ही फ्रिजमध्ये एक उकडलेला बटाटा ठेवा. मीठबीठ काही नाही. खावंसं वाटलं की स्वतःला विचारा, बटाटा खाशील? हो वाटलं तर खरी भूक, खुशाल जेवा. नको वाटलं तर थांबा, आणि नुकतंच काय झालं ते आठवा.”

“आणि याला बटाटाही आवडत असला तर?” मी विचारलं. बाई हसल्या. मी विनोद केला नव्हता.

घरी येऊन बटाटे उकडले. त्यानंतर स्वयंपाकघरातलं कपाट करकरलं की मी बाहेरूनच ओरडायची, “बटाटा खाशीऽल?” मला मजा यायची, खोटं कशाला बोलू. तो कपाट बंद करायचा, आणि मी अंघोळीला गेले की पुन्हा उघडायचा. पालथ्या घड्यावर पाणी.

एक दिवस दुकानातून आले तर हा ओट्याशी उभा, एका हातात पाव, दुसऱ्या हातात जॅमची बरणी. चेहरा असा, की जणू बरणी कोणी दुसऱ्यानेच त्याच्या हातात दिली होती.

“वा! फाटकावर बसायचं ठरवलंच आहेस तर खुर्ची लोखंडी मागून घे,” मी म्हटलं. “प्लास्टिकची एक दिवस टिकायची नाही.”

त्याने बरणी खाली ठेवली. “बाईंनी सांगितलेलं करून बघितलं मी.”

“काय?”

“आधी काय झालं ते आठवायचं. आज सुट्टी होती. दिवसभर घरात होतो, कपाटाला हात लावला नाही. मग जिन्यात तुझ्या चपला वाजल्या. बरणी कधी काढली, कळलंच नाही मला.”

तो भांडत नव्हता. वर वारा सुटलाय, असं खाली कळवावं तसं सांगत होता.

“वर केबिनमध्ये डब्याच्या आधी मला कधी भूक लागत नाही. मला वाटायचं, उंचीमुळे असेल.”

“म्हणजे माझ्यामुळे? मी तुला भरवते का?”

“तू बोलतेस ना,” तो म्हणाला. “तेव्हा तोंडात काहीतरी असलं की बरं वाटतं.”

चोर तो चोर, वर शिरजोर. खायचं याने आणि खापर माझ्या चपलांवर! माझा इतका संताप झाला की मी तिथल्या तिथे ठरवलं, ठीक आहे, नाही बोलत. महिनाअखेरीपर्यंत तोंडाला कुलूप. प्रेमबिम काही नाही. वजन जागचं हलणार नव्हतंच, मग काट्यावर उभं करून याला विचारायचं होतं, आता कोणाच्या चपला वाजल्या?

गप्प राहणं काय असतं ते मला विचारा. हा मोजे सोफ्याखाली टाकायचा, मी गप्प. सूप पिताना मोरीत पाणी जावं तसा आवाज करायचा, मी गप्प. नळ टपकत ठेवून निघून जायचा. एकेक वाक्य अगदी जिभेच्या टोकावर यायचं, छान धारदार, आणि मी ते गिळायची. वर काहीतरी लागायचं गिळायला. त्यात त्या सुमारास दुकानात माझ्या कोटाचं मधलं बटण तुटून गिऱ्हाइकाच्या पुढ्यात पडलं. लाँड्रीवाल्याने कोट आटवला, म्हणून मी त्याची खरडपट्टी काढली. कोणावर तरी तोंड सोडल्यावर बरं वाटलं.

इकडे नवरा आधी बिचकून बिचकून बघायचा, वादळाआधी बघतात तसा. मग शीळ घालायला लागला. आणि एका संध्याकाळी माझ्यासमोर त्याने फ्रिज उघडला, तो थंडगार बटाटा काढला आणि उभ्याउभ्या खाऊन टाकला. सालासकट. वर “भूक लागली होती” म्हणाला. मेल्याला लाज नाही.

महिनाअखेरीला संध्याकाळी दुकानातून येऊन मी कोटही उतरवला नव्हता, तोच फोन आला. खाली उभा राहून क्रेनला हातांनी इशारे देणारा त्याचा जोडीदार ओरडत होता, “वहिनी, घार उडाली! वजन पट्ट्यात बसलं! आत्ताच वर जाऊन एक फेरी मारून आला. काय खायला घातलंत हो याला?”

“काही नाही,” मी म्हटलं. खरंच तर होतं.

फोन ठेवला. चांगलं झालं होतं. त्याची केबिन वाचली होती. आणि त्यात मी कुठेच नव्हते. नव्हते म्हणूनच तर झालं होतं. मी कपाट उघडलं.

जिन्यात त्याचे बूट वाजले ते मला ऐकू आले नाहीत. वळून बघते तर हा दारात, केस वाऱ्याने पिंजारलेले, आणि माझ्या हातात बिस्किटांचा डबा. तळ दिसत होता. मागच्याच आठवड्यात भरलेला डबा, आणि याने तर त्याला हातही लावला नव्हता.

त्याने डब्याकडे बघितलं. मग माझ्या बटण नसलेल्या कोटाकडे. त्याच्या जागी मी असते तर काय काय बोलले असते, ते सगळं मला पाठ होतं.

“बटाटा खाशील?” त्याने विचारलं. टोमणा नव्हता त्यात, तीच तर पंचाईत झाली. मी मान हलवली. नको.

तो स्टूल ओढून समोर बसला. “मग बोल,” म्हणाला. “आता बोललीस तरी चालेल. वजन झालंय माझं.”

इतक्या दिवसांचं साठलेलं होतं. मोजे, सूप, नळ, सगळं. आणि त्या सगळ्याखाली एक वेगळंच काहीतरी होतं, ते मी त्याला कधीच म्हटलं नव्हतं. पण माझं तोंड बिस्किटांनी भरलेलं होतं.