मिठाचं मैदान

उद्यान खात्याच्या माणसांनी खो-खोचे दोन्ही खांब उपटून भिंतीकडेला फेकले, तेव्हा मनोरमाबाई बँकेत होत्या. संध्याकाळी घरी येताना त्यांनी ते पाहिलं आणि हातातली भाजीची पिशवी रस्त्यावरच ठेवून त्या मैदानात शिरल्या. तळपायाची आग मस्तकात गेली होती. कुणाला विचारून हे चाललंय, असं त्यांनी दरडावून विचारलं. कुदळवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सांगितलं, साहेबांना विचारा, इथे गार्डन बनतंय.

गार्डन म्हणे! नव्वद साली बाई गिरगावातून बेव्हर्ली पार्कात राहायला आल्या, तेव्हा या जागेत डेब्रिज होतं आणि भटकी कुत्री होती. तेव्हा कुठे होतं खातं? नकाशावर जागा खेळासाठी राखीव, आणि खेळायला गेलं तर पायात काचा. बाई स्वतः एकेकाळी खो-खो खेळलेल्या. त्यांनी सोसायट्यांमधल्या पोरी गोळा केल्या, दर रविवारी खडे वेचले, लाल माती आणून चाळली, पसरली, रोलर ओढला. तरी वाऱ्याबरोबर माती उडायचीच. शेवटी जवळच्या राई गावातल्या विठूने तोड सांगितली. त्याचा सगळा जन्म मिठागरात गेलेला. "बाय, मीठ टाक. माती उडाची न्हाय," एवढंच तो म्हणाला. खरंच, मीठ ओल धरून ठेवतं, माती घट्ट बसते. तेव्हापासून दरवर्षी गणपती गेले की विठूच्या टेम्पोतून मिठाच्या गोणी यायच्या आणि पोरी मुठीमुठीने मैदानभर मीठ पेरायच्या. यंदाही पेरलं होतं, खांब उपटायच्या बरोब्बर पंधरा दिवस आधी.

आणि नेमकं यंदाचंच वर्ष महत्त्वाचं होतं, ते रुचितामुळे. सतरा वर्षांची ही पोर, वडील रत्नागिरीकडचे, एका कारखान्यात कामाला. पळायला लागली की मागचीला फक्त तिची वेणी दिसायची, आणि पाठलागाला पहिली नेहमी तीच असायची. डिसेंबरअखेर ठाणे जिल्ह्याच्या संघाची निवड होती आणि अठरा वर्षांखालच्या गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. बाईंनी तिच्यासाठी रक्त आटवलं होतं. मैदान गेलं तर सराव कुठे करायचा, डांबरी रस्त्यावर?

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्या उद्यान खात्यात गेल्या. अधीक्षक जितेंद्र सरपोळे म्हणून होते, तरुण, नीट भांग पाडलेले. त्यांनी बाईंना बसायला सांगितलं, चहा मागवला आणि लॉन, कारंजं, ज्येष्ठ नागरिकांसाठी बाक असा सगळा पाढा वाचला. बाईंनी आरक्षणाचं विचारलं तर म्हणाले, उद्यानातही मुलं खेळतातच की. मग बाई म्हणाल्या, ते राहू दे, पण त्या मातीत आम्ही चार वर्षं मीठ घालतोय, तिथे गवताची काडी जगायची नाही. साहेब गालातल्या गालात हसले. म्हणाले, मॅडम, आम्ही याच विषयात डिग्री घेतलीय.

तरी ते मैदानावर आले, बरोबर बाबाजी माळी. बाबाजी आठ वर्षं खात्यात रोजंदारीवर होता आणि कायम होणाऱ्यांच्या यादीत यंदा त्याचं नाव होतं. त्याने चिमूटभर माती उचलली, जिभेवर ठेवली आणि थुंकली. बाईंनी हे डोळ्यांनी पाहिलं. साहेबांनी विचारलं, काय रे, येईल ना लॉन? बाबाजीने पायाकडे बघत सांगितलं, "येईल की साहेब." असा राग आला बाईंना! अरे, जिभेवर अजून चव आहे आणि त्याच जिभेने असं बोलतोस?

दसऱ्याला उद्घाटन झालं. फीत कापली, नारळ फुटला, पेढे वाटले. दिवाळीपर्यंत लॉन पिवळं पडलं आणि तुळशीची लग्नं लागेतो त्याचा पार कोळसा झाला. खत घातलं, दोन वेळा पाणी मारलं, कशाचा काही उपयोग नाही. मग वरून साहेबांना विचारणा झाली. साहेबांनी माती तपासून घेतली आणि अहवालात काय येणार? मीठ! समोरच्या इमारतीतल्या हंसाबेननी पोरींना मीठ टाकताना गॅलरीतून पाहिलं होतं, त्यांनी भाबडेपणाने तसं सांगून टाकलं. कधी पाहिलं, हे त्यांना कुणी विचारलंच नाही. चार दिवसांत बाईंच्या घरी नोटीस आली. मैदान गेल्याच्या रागातून सार्वजनिक उद्यानात मीठ टाकून हिरवळ जाळली, खुलासा करावा.

बाई नोटीस हातात घेऊन घरभर फिरल्या. ज्यांनी माती घडवली त्याच चोर? त्यांचे यजमान हरिश्चंद्र म्हणाले, जरा शांत हो. या घरात शांत व्हायला फक्त मीच सापडते, असं म्हणून त्यांनी त्या बिचाऱ्यावरही तोंडसुख घेतलं.

खुलाशाच्या दिवशी त्या उद्यान खात्यात गेल्या. बरोबर हरिश्चंद्र होते आणि हट्टाने रुचिताही आली होती. बाबाजीला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. बाईंनी सगळं पहिल्यापासून सांगितलं आणि बाबाजीकडे वळल्या. म्हणाल्या, लॉन घालायच्या आधी तू माती चाखली होतीस. खारट होती की नव्हती, तेवढं सांग. बाबाजीने टोपी काढली, पुन्हा घातली. "मला काय आठवत न्हाय, बाई," तो म्हणाला. आठ वर्षांची रोजंदारी आठवत होती, दोन महिन्यांपूर्वीची चव तेवढी विसरला.

साहेबांनी त्याला बाहेर पाठवलं आणि टाइप केलेला एक कागद पुढे सरकवला. बघा मॅडम, ते अगदी समजुतीने म्हणाले, तिथे आता काही उगवणार नाही, हे मलाही कळतंय. तुम्ही सही केलीत की मी वर कळवतो, जमीन निकामी झाली, उद्यान रद्द. मैदान तुमचं. सोमवारपासून खेळा. नाही तर प्रकरण चौकशीत जाईल, वर्षभर कुलूप राहील.

कागदावर तीन ओळी होत्या. मी व माझ्या खेळाडूंनी द्वेषबुद्धीने लॉनवर मीठ टाकले, त्याबद्दल दिलगीर आहोत.

साहेबांची लबाडी बाईंना लख्ख दिसत होती. आपली चूक पोरींच्या माथी मारून नामानिराळे व्हायचं होतं त्यांना. कागद फाडून त्यांच्या तोंडावर मारावा असं वाटत होतं. पण निवडीला साडेतीन आठवडे उरले होते. हरिश्चंद्र कानाशी पुटपुटले, कर सही आणि मोकळी हो. बाईंनी पेन उचललं.

"बाई, आम्ही लॉनवर नाही टाकलं," रुचिता म्हणाली.

"माहितीय मला."

"मग आमचं नाव कशाला लिहिताय?"

"कागद आहे तो. कागदाचं काय घेऊन बसलीस?" बाई तिच्यावर वसकन ओरडल्या. "हे सगळं कुणासाठी चाललंय? मैदान हवंय ना तुला?"

बाईंनी सही केली, इतक्या जोरात की कागद फाटता फाटता राहिला. त्यांनी मान वर केली तेव्हा शेजारची रुचिताची खुर्ची रिकामी होती.

साहेब मात्र शब्दाला जागले. सोमवारी फाटक उघडलं. पोरींनी मेलेलं गवत ओढून काढलं, खांब पुन्हा रोवले, चुन्याच्या फक्कीने रेषा आखल्या. बाईंनी दोनदा रुचिताच्या घरी निरोप धाडला होता. तिच्या आईने दोन्ही वेळा एकच सांगितलं, ती म्हणते, ज्या मैदानासाठी मला खोटं ठरवलं त्या मैदानावर पाय ठेवणार नाही. एवढीशी पोर आणि केवढा हा ताठा, असं बाई रस्ताभर बडबडत आल्या होत्या. तिचा राग, साहेबांचा राग, बाबाजीचा राग, आणि या सगळ्यांच्या तळाशी स्वतःचा, जो काही केल्या बडबडून बाहेर निघत नव्हता.

त्यांनी शिट्टी वाजवली. पोरी धावत आल्या आणि दोन खांबांच्या मधल्या पट्ट्यात, एक इकडे तोंड करून, एक तिकडे, आठ जणी बसल्या. सगळ्यांत धाकटी रसिका टोकाला बसली होती. तिने मागे वळून पाहिलं, पुढे पाहिलं.

"बाई, पाठलागाला कोण?"

"गप बस," मनोरमाबाई खेकसल्या. पोर घाबरून पुढे वळली, आणि शिट्टी तोंडात धरून बाई फाटकाकडे बघत उभ्या राहिल्या.